महिला बुद्धिबळपटूंच्या सौंदर्यस्पर्धा: खेळाला हातभार की अडथळा?

पटापलीकडे
मुंबईत शाळांची सभागृहं, जिमखाने, मंडळांचे हॉल अशा ठिकाणी शनिवार-रविवारच्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धा वर्षभर चालू असतात. मुलींचा सहभाग वाढावा म्हणून प्रायोजक शोधायला गेलं की एक प्रस्ताव समोर येऊ शकतो: महिला खेळाडूंचे फोटो पेजवर टाका, लोकांना मत देऊ द्या, जिंकणारीला मुकुट आणि पट्टा आम्ही देतो. 'मिस चेस' वगैरे नाव.

कल्पना नवी नाही. तेव्हा फ्रान्सकडून खेळणारा ग्रँडमास्टर व्लादिस्लाव त्काचेव्ह याने २००५ मध्ये जगभरातल्या महिला बुद्धिबळपटूंच्या सौंदर्यस्पर्धेचं संकेतस्थळ सुरू केलं होतं. फोटो आणि त्यावर मतदान. खेळाला प्रसिद्धी मिळेल, हा तेव्हाचाही युक्तिवाद.

यातून महिलांच्या बुद्धिबळाला काही मिळतं का, की उलट नुकसान होतं? पैसे हवेत हे खरंच आहे. पण या मार्गाने आलेले पैसे मुलीच्या रेटिंगपर्यंत (तिच्या खेळाची ताकद दाखवणाऱ्या अधिकृत आकड्यापर्यंत), तिच्या पुढच्या स्पर्धेपर्यंत पोहोचतात का? आयोजन, पंचगिरी, प्रशिक्षण यातल्या जाणकारांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

उंटाचा_कर्ण
माझं उत्तर स्पष्ट आहे: नुकसान होतं. कारण मात्र नीतीच्या अंगाने सांगत नाही, पटावर काय होतं त्या अंगाने सांगतो.

इटलीतल्या मानसशास्त्रज्ञांचा २००८ चा एक प्रयोग आहे. साधारण समान ताकदीच्या स्त्री-पुरुषांच्या ४२ जोड्या इंटरनेटवर खेळवल्या. समोर कोण आहे हे माहीत नव्हतं तेव्हा स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने खेळल्या. समोर पुरुष आहे हे कळलं आणि 'बुद्धिबळात पुरुष सरस' ही समजूत जागी केली, तेव्हा त्यांची कामगिरी जवळपास निम्म्यावर आली. समोर पुरुषच होता, पण ती बाई आहे असं सांगितलं, तर कामगिरी पुन्हा बरोबरीला. चाली शोधण्याची ताकद तीच. बदललं होतं ते फक्त खेळाडूच्या मनात त्या वेळी काय जागं आहे ते.

दुसरा अभ्यास स्वीडनमधल्या संशोधकांचा, २०१३ चा. त्यांनी खेळाडूंच्या फोटोंवरून आकर्षकपणाचे गुण घेतले आणि ते प्रत्यक्ष डावांशी ताडून पाहिले. आकर्षक मानल्या गेलेल्या स्त्रीसमोर पुरुष जास्त जोखमीची ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) निवडत होते आणि त्याचा त्यांना काही फायदा होत नव्हता. म्हणजे चेहऱ्याचा विचार पटावर आला की समोरच्याचाही खेळ बिघडतो.

आता फोटोंवरचं मतदान स्पर्धेच्या आदल्या दिवशी संपलं असं धरा. नववीतली मुलगी पहिल्या फेरीला बसते तेव्हा समोरच्याला तिचा क्रमांक माहीत आहे, बाजूच्या पटावरच्यालाही माहीत आहे, आणि तिला स्वतःलाही. रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट प्रकारात, प्रत्येकाला सहसा १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद एवढ्यात डाव संपवायचा असतो. त्यातला किती वेळ या ओझ्यात जाईल हे प्रत्येक प्रशिक्षकाला समजेल.

गिरगावकर
मी थोडी वेगळी बाजू मांडतो.

अलेक्झांड्रा कोस्तेनियुक २००४ मध्ये ग्रँडमास्टर झाली, २००८ मध्ये नाल्चिकला होऊ यिफानला हरवून जगज्जेती झाली, २०२१ मध्ये सोचीला महिलांचा विश्वचषक जिंकली. तिने मॉडेलिंगही केलं आणि स्वतःची प्रतिमा बुद्धिबळाच्या प्रचारासाठी मोकळेपणाने वापरली. एस्टोनियाची सुपरमॉडेल कार्मेन कास २००४ मध्ये तिथल्या बुद्धिबळ संघटनेची अध्यक्ष झाली. दिसण्यामुळे मिळालेली प्रसिद्धी खेळाच्या कामी आली, अशी ही दोन ठळक उदाहरणं.

पैशाची बाजूही पाहा. २०२५ मध्ये बातुमीला महिलांच्या विश्वचषकाचं पहिलं बक्षीस ५०,००० डॉलर होतं. त्याच वर्षी गोव्यात झालेल्या खुल्या विश्वचषकाचं १,२०,००० डॉलर. २०२४ ला टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) खुल्या गटाचा बक्षीसनिधी ५ लाख युरो आणि महिलांचा अडीच लाख. ही दरी भरायची तर प्रायोजक हवेत. प्रायोजकाला लोकांच्या नजरा हव्या असतात आणि त्या कशाकडे वळतात हे आपण नाकारून चालणार नाही. दार पूर्ण बंद करण्याआधी याचा विचार व्हावा.

आठवी_रांग
गिरगावकर काका, कोस्तेनियुकचं उदाहरण योग्य आहे, पण ते सौंदर्यस्पर्धेच्या बाजूने जात नाही. तिने स्वतः ठरवलं, कुठला फोटो कुठे जाईल हे तिच्या हातात होतं, मोबदला तिला मिळाला. शिवाय तिच्या खेळाचंही नाव होतं. मतदानात यातलं काहीच नसतं. मुलगी खेळायला येते आणि दुसरेच तिचा क्रम लावतात. पहिली आली तरी ती तिच्या खेळाची पावती नसते, आणि चाळिसावी आली तर ते नाव इंटरनेटवर कायमचं राहतं.

आणि ज्यांचं नाव झालेलं आहे त्यांनाही हे किती जाचक होतं ते दिव्या देशमुखने सांगितलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये वाइक आन झीची टाटा स्टील चॅलेंजर्स खेळून झाल्यावर अठरा वर्षांच्या दिव्याने समाजमाध्यमावर लिहिलं की प्रेक्षक तिच्या डावांबद्दल बोलायचं सोडून कपडे, केस, उच्चार यांवर बोलतात. ती तेव्हाही आंतरराष्ट्रीय मास्टर होती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या महिला संघाने सुवर्ण जिंकलं आणि दिव्याने तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्ण. जुलै २०२५ मध्ये बातुमीच्या विश्वचषकात झू जिनर, हरिका, तान झोंगयी यांना मागे टाकत अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून ती ग्रँडमास्टर झाली. नागपूरची ही मुलगी जगाच्या शिखरावर गेली, ती एकही सौंदर्यस्पर्धा न खेळता. प्रायोजकाला दाखवायला याहून मोठी गोष्ट कुठली हवी?

घड्याळ_चालू
माझं क्षेत्र पंचगिरी. मुली स्पर्धा का सोडतात याची कारणं हॉलमध्ये शोधायची असतील तर मी चार जागा दाखवू शकतो. मुकुटाने यातली एकही दुरुस्त होत नाही.

सगळ्यात आधी स्वच्छतागृह. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांनुसार खेळण्याच्या जागेत स्वच्छतागृहही धरलेलं असतं आणि त्या जागेबाहेर जायचं तर पंचांची परवानगी लागते. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असलं, किल्ली शिपायाकडे असली आणि शिपाई गेटवर असला, तर मुलीची चार-पाच मिनिटं सहज जातात. घड्याळ तिचंच चालू असतं. १५ अधिक १० च्या डावात पाच मिनिटं म्हणजे मूळ वेळेचा तिसरा हिस्सा. तासन्‌तास चालणाऱ्या क्लासिकलमध्ये ते खपून जातं, रॅपिडमध्ये डाव जातो. म्हणून पहिल्या फेरीच्या अर्धा तास आधी मुख्य पंचांनी स्वतः जाऊन दोन्ही स्वच्छतागृहं बघायची: कडी लागते का, पाणी आहे का, कचऱ्याची झाकणवाली बादली आहे का, सॅनिटरी पॅड कुठे ठेवले आहेत ते आतल्या भिंतीवर लिहिलं आहे का. किल्ली पंचांच्या टेबलावर.

नंतर फेऱ्यांच्या वेळा. सात फेऱ्यांच्या रॅपिड स्पर्धेत सकाळी साडेनऊला सुरुवात म्हणून छापतात, नोंदणीचा घोळ मिटून प्रत्यक्ष साडेदहाला पहिली फेरी लागते, आणि बक्षीस समारंभ रात्री नऊच्या पुढे. बदलापूर किंवा विरारला परत जाणाऱ्या मुलीचे पालक पुढच्या वेळी नाव नोंदवत नाहीत, एवढं साधं आहे. एका फेरीला एक तास धरा: दोघांचा वेळ मिळून साधारण ४५ ते ५०, वर निकाल भरणं आणि पुढची जोडी लावणं दहा मिनिटं. म्हणजे सात फेऱ्यांना जेवणासकट आठ तास. सहा फेऱ्या ठेवल्या तर संध्याकाळी सहाला सगळे मोकळे होतात. ज्येष्ठ गटाआधी मुलींची आणि लहान गटांची बक्षिसं द्यायची.

नोंदणी शुक्रवारी रात्री आठला बंद करा आणि जागेवर प्रवेश देऊ नका. निम्मा उशीर तिथेच वाचतो.

तिसरी जागा हॉलमधली गर्दी. पालक आणि बघे पटाच्या डोक्यावर उभे राहतात. टेबलांच्या रांगेपासून किमान दोन मीटरवर दोरी हवी. फोटो पहिल्या पाच मिनिटांतच, तेही दोरीच्या बाहेरून. चौथी जागा म्हणजे तक्रार कोणाकडे करायची हे माहीत नसणं. त्याबद्दल कोणीतरी कायद्याच्या बाजूने लिहावं.

माटुंगा_वजीर
प्रवेशिकेतलं एक कलम सगळ्यांनी पाहा: "गटात पाचपेक्षा कमी खेळाडू असल्यास बक्षीस रद्द." उत्कृष्ट महिला बक्षिसाला हे कलम लावलं की चार मुली आल्या तर चौघींनाही काही नाही, आणि ते कळतं शेवटच्या फेरीनंतर. ते महिला गटासाठी काढून टाका. चार आल्या तर एक बक्षीस द्या, पण द्याच.

दुसरं, "एका खेळाडूला एकच बक्षीस, जे मोठं असेल ते." याने मुख्य बक्षीस घेणाऱ्या मुलीचं महिला बक्षीस पुढच्या मुलीकडे सरकतं हे चांगलंच, पण दोन्ही बक्षिसांची रक्कम सारखी असेल तर कुठलं घ्यायचं याचा क्रम आधी लिहा, नाहीतर समारंभात वाद होतो.

पहिलं_प्यादं
मुंबईला या विषयाचा इतिहास आहे, तो इथे नोंदवायलाच हवा.

१९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढे जयश्री आणि रोहिणी. तिघी बहिणी मुंबईच्या, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. पहिल्या दहा वर्षांची राष्ट्रीय विजेतेपदं या एकाच घरात होती. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स यूवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही.

भांडण कशासाठी होतं बघा. पुरुषांच्या पटावर बसण्याचा हक्क. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या, अनुपमा अभ्यंकर-गोखले पाच वेळा, दोघींनी आशियाई विजेतेपदंही मिळवली. या सगळ्या जणी आपल्याच महाराष्ट्रात घडल्या आणि मुंबईतल्या नव्या मुलींना यातली दोन नावंही माहीत नसतात. पेजवर टाकायला फोटोच हवे असतील तर या खेळाडूंच्या पटावरच्या स्थितींचे टाका. "पांढऱ्याची चाल, तीन चालींत काय?" आणि खाली नाव, वर्ष, स्पर्धा. लोक उत्तरं देतील, पेज चालेल.

गिरगावकर
इतिहास उत्तम मांडलात. स्थितीचे फोटो ही कल्पना प्रायोजकालाही पटेल असं वाटतं. पण मूळ प्रश्न उरतोच: रोख रक्कम फक्त या एका अटीवर मिळत असेल तर?

उंटाचा_कर्ण
तर रक्कम सोडावी, असं मी म्हणेन. पण त्याआधी बोलणी करून बघावी. प्रायोजकाला विचारा, तुम्हाला नक्की काय हवं: नाव दिसायला हवं, फोटो हवेत, की मत देणाऱ्या लोकांचे नंबर हवेत? तिसरं असेल तर तो स्पर्धेचा प्रायोजकच नाही.

हा प्रश्न फक्त गल्लीतल्या स्पर्धांचा नाही. २०२१ मध्ये फिडेने महिला बुद्धिबळासाठी मोटिव्हा या स्तनरोपणाच्या ब्रँडशी प्रायोजकत्वाचा करार केला. पैसे आले, आणि त्याचबरोबर बातम्यांत महिलांच्या डावांपेक्षा त्या ब्रँडचीच चर्चा जास्त झाली. प्रायोजक कोण आणि कुठल्या नावाने येतो, ते खेळाच्या बातमीचं पहिलं वाक्य बनतं. महिलांच्या स्पर्धेत ते वाक्य शरीराबद्दल असू नये, एवढी अट आयोजक घालू शकतात.

आठवी_रांग
पैसे असतील तर ते कुठे लावावेत याचा ठोस हिशेब देते. समजा ५०,००० रुपये मिळाले.

२० मुलींना प्रवेश शुल्कात प्रत्येकी १,००० ची सूट: २०,०००. ही सूट क्लासिकल स्पर्धेसाठी वापरा, कारण ग्रँडमास्टर, आंतरराष्ट्रीय मास्टर, महिला ग्रँडमास्टर यांचे नॉर्म (किताबासाठी लागणाऱ्या ठरावीक कामगिऱ्या) क्लासिकल डावांतूनच मिळतात. रॅपिडला लोक येतात, पण किताबाकडे जाणारा रस्ता तिथून जात नाही.

महिला बक्षिसं ६,०००, ४,०००, ३,००० आणि २,००० अशी चार: १५,०००. एकच मोठं बक्षीस ठेवलं की सगळ्यात जास्त रेटिंगच्या मुलीने नाव नोंदवलं की बाकीच्या थांबतात. चार ठेवली की १४०० ते १६०० रेटिंगच्या मुलींनाही यायला कारण राहतं.

सर्वाधिक रेटिंगवाढीसाठी ५,०००. महिला पंचाचं मानधन ५,०००. पहिल्या दहा पटांत मुलीचा डाव असेल तर त्याचं थेट प्रक्षेपण आणि नंतर त्या डावांचं मराठीत विश्लेषण, याला ५,०००. झाले पन्नास.

रेटिंगवाढीच्या बक्षिसाचं गणित समजून घ्या, कारण इथे चुका होतात. १८ वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी रेटिंगच्या खेळाडूचा के गुणक (एका निकालाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) क्लासिकलमध्ये ४० असतो. १५०० च्या मुलीने १६०० च्या खेळाडूला हरवलं तर रेटिंगच्या फरकावरून तिचा अपेक्षित गुण ०.३६, म्हणजे वाढ ०.६४ गुणिले ४० = २५.६. बरोबरी केली तर ५.६. हरली तर १४.४ जातात. पण २० वर्षांच्या, तिसाहून जास्त डाव झालेल्या १५०० च्या मुलीचा के २० असतो, तिला त्याच विजयाचे १२.८ मिळतात. म्हणून नुसती वाढ मोजली तर लहान मुलींना आपोआप दुप्पट फायदा. त्यापेक्षा प्रत्येक फेरीतल्या 'मिळालेले गुण वजा अपेक्षित गुण' यांची बेरीज करा आणि ती सर्वाधिक असेल तिला बक्षीस द्या. बरोबरी झाली तर बुखोल्त्स, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज. आणि पात्रतेला किमान ३० रेटेड डाव हवेत, नाहीतर अगदी नव्या खेळाडूचं अजून स्थिर न झालेलं रेटिंग सगळा निकाल ठरवतं.

पहिलं_प्यादं
ताई, या हिशेबाची प्रत आयोजकांनी टेबलावर लावावी अशी आहे.

एक जोड देतो. मुलींच्या स्वतंत्र स्पर्धा हव्यातच, पण फक्त त्याच ठेवल्या तर त्याच आठ-दहा जणी एकमेकींशी खेळत राहतात आणि रेटिंग त्या छोट्या तळ्यात अडकतं. जुडित पोल्गार २००५ मध्ये २७३५ रेटिंगला पोहोचली, एकेकाळी जगात आठवी होती, आणि ती खुल्या स्पर्धांत खेळत आली. जर्मनीच्या रेटिंग यादीवर २००९ मध्ये झालेल्या संशोधनात असं निघालं की अव्वल स्त्री-पुरुषांतल्या फरकाचा ९६ टक्के भाग निव्वळ सहभागाच्या संख्येने समजावता येतो. म्हणजे पाया रुंद करा, शिखर आपोआप वर जातं. प्रत्येक स्पर्धेला दहा नव्या मुली आणल्या आणि त्यातल्या सहा पुढच्या स्पर्धेला परत आल्या, तर ते यश मोजता येतं. किती जणींनी मुकुटासाठी फोटो दिला, यावरून तसं काही मोजता येत नाही.

बाजू_मांडते
घड्याळ_चालू यांनी कायद्याबद्दल विचारलं होतं, म्हणून लिहिते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचं ठिकाण' या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा स्पष्ट शब्दांत आहे. प्रशिक्षणाची जागाही. तक्रार करणारी बाई तिथे नोकरीला असायला हवी असं नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला अंतर्गत समिती बंधनकारक. कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे आहेत, हॉल कुठल्या जिल्ह्यात येतो ते आधी बघून पत्रकावर छापा. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन.

खेळाडू १८ च्या आतली असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आपण आपसात मिटवू" हा पर्याय आयोजकाकडे नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, तो मोठ्या अक्षरांत हॉलच्या दारावर लावा.

आता फोटो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, अशी तरतूद आहे. खुल्या स्पर्धेतल्या बऱ्याच मुली शाळकरी असतात. त्यांचे फोटो मतदानासाठी टाकण्याचा विचारही करू नये. कायद्यात बसवता येतं का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. शाळकरी मुलींच्या दिसण्यावर अनोळखी लोकांकडून मतं घ्यायची नाहीत.

तिरका_मारा
मग वेशभूषेचं बक्षीस? महिला दिनाच्या स्पर्धेत 'उत्तम पारंपरिक पोशाख' ठेवला तर ते आपल्याकडे हौसेचं असतं, हळदीकुंकवासारखं. त्याला कोणाची हरकत असू नये असं वाटतं.

घड्याळ_चालू
हौसेचं असेल तर डाव संपल्यावर, वेगळ्या वेळी, आणि सगळ्यांसाठी ठेवा, पुरुषांसकट. स्पर्धेच्या निकालाशी त्याचा संबंध नको, पत्रकात खेळाच्या बक्षिसांच्या यादीत तर नकोच.

पटाच्या बाजूने व्यवहाराचं सांगतो. हातभर बांगड्या किंवा मोकळा पदर असला की वेळ संपत आल्यावर मोहरी पडतात. पाडलेली मोहरी खेळाडूने स्वतःच्या वेळात सरळ करायची असतात, सरळ न करता घड्याळ दाबलं तर पंच दंड देऊ शकतात. शेवटच्या वीस सेकंदांत हे झालं की डाव गेला. आणि मोहरं सरळ करायला हात लावण्याआधी 'नीट करते' किंवा 'जाडूब' म्हणायचं, नाहीतर शिवलेलं मोहरं चालवावं लागतं.

पोशाखाचे नियम मोठ्या स्पर्धांतही वादाचेच राहिले आहेत. युरोपियन संघटनेच्या २०१२ च्या नियमावलीत शर्टाचं वरून दुसरं बटणही उघडं चालेल इथपर्यंत तपशील होता. २०२३ ला समरकंदच्या जागतिक रॅपिड-ब्लिट्झला डच खेळाडू अॅना-माया काझारियनला बुटांवरून १०० युरो दंड झाला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला जीन्सवरून २०० डॉलर. आपल्या स्पर्धांना एकच ओळ पुरते: स्वच्छ, खेळायला सोयीचे कपडे, पायांत काहीही, मुलगा-मुलगी एकच नियम.

आणि सौम्या स्वामिनाथन आठवते. २०१८ मध्ये इराणमध्ये हमादानला आशियाई सांघिक स्पर्धा होती, डोक्यावर रुमाल सक्तीचा होता, म्हणून पुण्याच्या या माजी जागतिक ज्युनिअर विजेतीने संघातून माघार घेतली. काय घालायचं हे खेळाडूवर लादलं की काय गमवावं लागतं, ते तिने दाखवून दिलं.

माटुंगा_वजीर
पेजवरच्या मजकुराबद्दल. फोटो टाकताना ओळीत हा क्रम ठेवा: फेरी, पट क्रमांक, दोघांची नावं, रेटिंग, ओपनिंग, निकाल. "फेरी ५, पट ७, १५४० विरुद्ध १७२५, कारो-कान, काळ्या मोहऱ्यांचा विजय." मुलामुलींना एकच साचा. साचा ठरलेला असला की 'गोड', 'सुंदर', 'हसरी' हे शब्द शिरायला जागाच राहत नाही. प्रतिक्रियांत दिसण्याबद्दल काही आलं की एका तासात काढायचं, आणि हे काम फेरीगणिक एका माणसाला नेमून द्यायचं. सगळ्यांनी लक्ष ठेवायचं ठरलं तर कोणीच ठेवत नाही.

मुलाखतीतही तेच. पहिला प्रश्न डावावर. "विसाव्या चालीला हत्ती का दिला?" असं विचारलं की मुलगी दोन मिनिटं सलग बोलते.

गिरगावकर
चर्चेनंतर माझं मत बदललं आहे, ते नोंदवतो. खेळाडूने स्वतःची प्रतिमा कशी वापरावी हा तिचा हक्क मी अजूनही मानतो. पण आयोजकाने तिचा क्रम लावणं वेगळं, आणि शाळकरी मुलींच्या बाबतीत तर त्याला जागाच नाही. आठवी_रांग यांचा पन्नास हजारांचा हिशेब प्रायोजकापुढे ठेवता येईल. बक्षिसाच्या नावात प्रायोजकाचं नाव घालता येतं, '... पुरस्कृत सर्वोत्तम लढत', असं. नजरा तिथेही येतात.

पटापलीकडे
सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रकात घालायची कलमं अशी बांधतो आहे, चुका दाखवा:

महिला बक्षिसं चार, किमान संख्येची अट नाही. महिला खेळाडू मुख्य बक्षिसांनाही पात्र. एका खेळाडूला एक बक्षीस, रक्कम सारखी असेल तर मुख्य यादीतलं आधी. दिसणं, पोशाख किंवा ऑनलाइन मतं यांवर कुठलंही बक्षीस नाही. फोटो पहिल्या पाच मिनिटांत दोरीबाहेरून, १८ खालच्या खेळाडूचा जवळून फोटो फक्त पालकांच्या लेखी संमतीने. सहा फेऱ्या, शेवटची पाच वाजता संपेल, बक्षिसं साडेपाचला, लहान गट आणि मुली आधी. तक्रारीसाठी महिला पंचाचं नाव, स्थानिक समितीचा पत्ता, १०९८.

बाजू_मांडते
दोन दुरुस्त्या. संमतीपत्रात 'कुठे वापरणार आणि किती दिवस' हे लिहा, आणि संमती मागे घ्यायचा ईमेल द्या. दुसरं, तक्रारीसाठी एकच नाव नको. ती व्यक्ती त्या दिवशी आली नाही किंवा तक्रार तिच्याच विरुद्ध असली तर? दोन नावं द्या, त्यातलं एक आयोजक मंडळाबाहेरचं.

घड्याळ_चालू
आणि जोड्या लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदणीच्या वेळीच प्रत्येक मुलीच्या नावासमोर महिला ही खूण भरा. ती राहिली की शेवटी उत्कृष्ट महिलांची यादी चुकीची निघते आणि समारंभात नाव पुकारून परत घ्यावं लागतं. पहिल्या फेरीआधी यादी दारावर लावा, पालकांना तपासू द्या, दहा मिनिटं द्या. स्वच्छतागृहाची किल्ली टेबलावर हवी, हेही पत्रकात नाही तरी तुमच्या कामाच्या यादीत लिहून ठेवा.